गिनी पिगसाठी गॅलरीत गवत कसं पिकवावं

नवरात्रात घट बसवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला गहू उगवायला वेगळं शिकवावं लागत नाही. पत्रावळीवर माती, मातीत गहू, रोज थोडं पाणी, आणि दसऱ्याला टोपीत खोवायला पिवळट तुरे तयार. गिनी पिग घरी आले तेव्हा मी याच भरवशावर होते. पण घटाचं धान कुणी खात नाही. मातीच्या अंगाला थोडी पांढरी बुरशी धरली तरी तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. गिनी पिगच्या ट्रेमधलं पातं न् पातं पोटात जातं, त्यामुळे इथे ती डोळेझाक चालत नाही. या लेखाचा मोठा भाग बुरशीवरच आहे. बाकीचं काम फार सोपं आहे.

आधी एक खुलासा. हे गवत सुक्या गवताची जागा घेत नाही. गिनी पिगचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजायला सुकं, चरबरीत गवत दिवसरात्र समोर असावं लागतं. ताजं गवत हा त्याच्या जोडीचा घास. माणसासारखंच गिनी पिगचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. ते ताज्या हिरव्या चाऱ्यातून मिळतं, हा या खटाटोपाचा खरा फायदा. "मग सोसायटीच्या लॉनवरचं उपटून आण की," असं सांगणारे भेटतातच. त्या लॉनवर माळी काय फवारतो आणि कुत्री काय करून जातात, हे त्यांनी एकदा वाकून बघावं.

धान्य

गहू घ्या. लोकवन, सिहोर, जो मिळेल तो चालतो, महागडा लागत नाही. जवही उत्तम. पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो सालासकट असतो आणि उगवतो. सूपात घालायचा पांढरा, पॉलिश केलेला जव उगवत नाही. नाश्त्याचे ओट्सही उगवत नाहीत, ते लाटून चपटे केलेले असतात. हसू नका, मी पेरून बसले होते.

तीन ठिकाणी मात्र हात आखडा. एक, घरच्या कोठीतला वर्षाचा गहू. त्याला बोरिक पावडर किंवा एरंडेल चोळलेलं असतं, कुठे पाऱ्याच्या गोळ्या ठेवलेल्या असतात. दोन, कृषी सेवा केंद्रातलं बियाणं. गुलाबी किंवा लाल रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं बी. ते धुऊन वापरता येतं असं कुणी सांगितलं तर त्या माणसाचं पुढचं काहीच ऐकू नका. तीन, ज्वारी. कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. गुरं कोवळ्या पोंग्यांवर सुटली की शेतकरी का धावतो ते यामुळेच. तिथे बैलाची गत वाईट होते, आपला प्राणी तर किलोभराचा.

भिजवणं आणि पेरणं

एक फूट बाय दीड फूट ट्रेला दोन वाट्या गहू पुरतो, साधारण पाव किलो. निवडून तुटके दाणे काढा, दोन-तीनदा धुवा, तरंगणारे दाणे फेका. रात्री भिजवा, सकाळी उपसा. उन्हाळ्यात सहा-सात तास पुरे, थंडीत दहा. त्यापुढे पाणी आंबायला लागतं. मटकीला बांधतो तसे ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. पांढरी टोकं दिसली की पेरायला तयार.

ट्रेला खाली भोकं हवीतच. स्ट्रॉबेरीचे किंवा द्राक्षांचे प्लास्टिकचे डबे छान चालतात. त्याखाली पाणी धरायला एक बिनभोकाचा ट्रे. आत दीड इंच भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. लाल माती जड पडते आणि सोबत मुंग्या आणते. खत घालू नका, कसलंच. दहा दिवसांच्या रोपाला दाण्यातली शिदोरी पुरते, आणि शेणखत ही तर बुरशीला पानसुपारी. दाणे एका थरात पसरा, मातीने झाकू नका. वर एक ओलं फडकं किंवा उलटा ट्रे.

दुसरा ते पाचवा दिवस

इथे माझे लागोपाठ पाच ट्रे वाया गेले. डोंबिवलीतला जुलै महिना, भिंतींनाही ओल आलेली. जिथे विचारावं तिथे एकच उत्तर: पाणी जास्त होतंय, कमी करा. कमी केलं. मग दाणे सुकले आणि बुरशी तरीही आली. कुणी दालचिनीची पूड भुरभुरायला सांगितली, कुणी हळद. हळदीने ट्रे पिवळा झाला, खालची बुरशी मात्र होती तशीच पांढरी.

सहाव्या ट्रेला कळलं की प्रश्न पाण्याचा कमी आणि हवेचा जास्त. मी दाणे एकमेकांवर चढतील इतके दाट पेरत होते, म्हणजे गवत भरगच्च येईल. फुटणारं धान्य गरम होतं. मोडाच्या गाठोड्यात हात घालून बघा, ऊब लागते. दाट पेरलं की ती ऊब आत अडकते, वरून झाकण, वरून दिवसातून चार वेळा स्प्रे. बुरशीला आणखी काय हवं? आता दोन दाण्यांच्या मधे कोकोपीट दिसलंच पाहिजे, असा माझा नियम आहे. पावसाळ्यात दोनऐवजी दीड वाटीच पेरते. गवत विरळ दिसतं, पण सगळं खाण्याजोगं येतं.

दुसरी चूक झाकणाची. कोंब इंचभर झाले की झाकण काढायचंच, मग ते पिवळे का असेनात. हिरवे व्हायला त्यांना एक दिवस पुरतो. "आणखी दोन दिवस अंधारात ठेवलं तर उंच वाढतं" हे खरं आहे. असं उंच वाढलेलं गवत लोळतं, लोळलेलं ओलं राहतं आणि बुडाशी कुजतं.

तिसरी गोष्ट पाणी कुठून द्यायचं ही. मुळं कोकोपीटमध्ये शिरेपर्यंत सकाळ-संध्याकाळ हलका फवारा ठीक. त्यानंतर वरून एक थेंबही नाही. खालच्या ट्रेमध्ये पेलाभर पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, उरलेलं ओतून टाका. आणि हे सकाळी करा. रात्री पाणी देऊन झोपलं की कोंब रात्रभर ओले राहतात. पावसाळ्यात मी ट्रे गॅलरीतून हॉलमध्ये आणते आणि टेबल फॅन लांबून, सगळ्यात कमी वेगावर लावून ठेवते. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं होतं, "गवताला उकडतंय का?" हो, उकडतंय!

आता घाबरून चांगला ट्रे फेकू नका, मी तोही फेकला आहे. तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुळाभोवती पांढरी लव दिसते. ती मूळकेसांची असते. पाण्याचा फवारा मारला की ती मुळाला चिकटून दिसेनाशी होते, सुकल्यावर परत दिसते. बुरशी फवाऱ्याने जात नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, हळूहळू करडी-काळी पडते आणि तिला बंद कपाटासारखा कुबट वास येतो. शंका आली तर नाक लावा. चांगल्या ट्रेला फक्त ओल्या मातीचा आणि कच्च्या गव्हाचा वास येतो.

बुरशी निघाली तर अख्खा ट्रे टाकायचा. "तेवढा कोपरा काढा", "वरचं पातं कापलं की झालं" हे मी ऐकलं होतं आणि एकदा तसं केलंही होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या दोघांपैकी चिंगी या गिनी पिगने खाणं सोडलं आणि कोपऱ्यात अंग फुगवून बसली. डॉक्टरांकडे दोन फेऱ्या झाल्या, चार दिवस सिरिंजने भरवावं लागलं. गवतामुळेच झालं का, हे सिद्ध करता येणार नाही, पण पुन्हा तपासून पाहायची माझी तयारी नाही. गिनी पिगने अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर कारण शोधत बसू नका, लहान प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांकडे लगेच न्या. त्यांची आतडी रिकामी राहिली की काम थांबवतात.

ऊन, कापणी, खाऊ घालणं

सकाळचं कोवळं ऊन पुरे. एप्रिलच्या दुपारच्या उन्हात टोकं करपतात. आठव्या ते दहाव्या दिवशी गवत वीतभर होतं. कात्रीने बुडाशी इंचभर सोडून कापा. त्याच ट्रेमधून दुसरी कापणी मिळते, पातळ येते. तिसरीच्या मागे लागू नका.

पहिल्या दिवशी प्रत्येकाला चार-पाच पाती, मग आठवडाभरात वाढवत मूठभर. एकदम पेंढी घातली तर लेंड्या पातळ होतात. लागेल तेवढंच कापा आणि लगेच द्या. कापलेल्या ओल्या गवताचा ढीग तासाभरात गरम व्हायला लागतो, तो देऊ नये. अख्खा ट्रे पिंजऱ्यात ठेवण्याची फॅशन आहे. व्हिडिओ गोड दिसतो. मग ते त्यात मुततात, न फुटलेले दाणे आणि कोकोपीट उकरून खातात. मी ठेवत नाही. आता कात्रीचा आवाज आला तरी आमच्याकडे "कुईंऽ कुईंऽ" सुरू होतं, मी कुरिअरचा खोका का उघडत असेना.

दोन गिनी पिगना तीन ट्रे, दर चार दिवसांनी एक पेरायचा, एवढं चक्र बसलं की गवत तुटत नाही.

शिवाय हरळीची एक कुंडी लावून ठेवा. गणपतीला वाहतो त्या दुर्वा म्हणजे हरळीच. बाजारातली जुडी थेट खाऊ घालू नका, ती कुठल्या नाल्याकाठची असेल सांगता येत नाही. तिच्यातल्या मुळं फुटलेल्या कांड्या निवडून पसरट कुंडीत खोचा. नवी फूट येईपर्यंत महिनाभर लागतो, पण नंतर ही कुंडी मरत नाही. शेतकरी हरळीला का शिव्या घालतो ते कळेल. घरात बुरशीचे दिवस असले आणि ट्रे फेकावा लागला, की मी त्या कुंडीवर कात्री चालवते.

वापरलेल्या ट्रेमधली मुळांची चटई कुंडीच्या मातीत गाडा. कठड्यावर वाळत टाकली तर कबुतरं येतात.