लिस्टवर पाठवणाऱ्याचा पत्ता बदललेला दिसतो तेव्हा

डिस्कशन लिस्ट म्हणजे एका पत्त्यावर आलेला मेल सगळ्या सभासदांना वाटणारी यादी. तिच्यावरच्या मेलमध्ये नाव ओळखीचं आणि पत्ता मात्र लिस्टचा, असं दिसलं की नवखा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. फसवणूक समजून मेल स्पॅममध्ये ढकलतो, नाहीतर पत्त्याकडे न बघता 'रिप्लाय' दाबून मोकळा होतो. पहिल्यात लिस्टचं नुकसान होतं, दुसऱ्यात तुमचं.

आधी दोन शब्द. एसपीएफ म्हणजे मेल पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची (पत्त्यातल्या ॲट चिन्हापुढच्या भागाची) परवानगी आहे का, याची तपासणी; डीकेआयएम म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही. लिस्टवरून पुढे जाणारा मेल लिस्टच्या सर्व्हरवरून निघतो, म्हणून एसपीएफ पास झालं तरी ते लिस्टच्या डोमेनचं. फ्रॉममधल्या, म्हणजे पाठवणाऱ्याच्या रकान्यातल्या, डोमेनशी जुळत नाही. विषयाआधी चौकटी कंसात लिस्टचं नाव लागलं किंवा तळाला फूटर चिकटला की डीकेआयएमची सही मोडते. डीमार्कला, म्हणजे या दोन्हींचा फ्रॉमशी ताळा घेणाऱ्या नियमाला, दोनपैकी एक तरी जुळलेलं लागतं, इथे दोन्ही गेली. पाठवणाऱ्याच्या डोमेनची पॉलिसी 'रिजेक्ट' असेल तर समोरचा सर्व्हर मेल दारातूनच परत करतो. याहूने एप्रिल 2014 मध्ये ही पॉलिसी लावली, पाठोपाठ एओएलनेही, आणि जगभरच्या लिस्टांची दाणादाण उडाली. फ्रॉममध्ये 'अमुक व्हाया तमुक लिस्ट' असं नाव आणि लिस्टचा पत्ता टाकायचा, हा त्यावरचा तोडगा. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. पत्ता कोणी चोरलेला नाही, मेल पोचावा म्हणून तो बदललाय.

खरा खड्डा पुढे आहे, आणि तो ॲड्रेस बुकात आहे.

समजा, फोंड्याच्या एका ग्रंथपाल बाईंचा मेल लिस्टवरून आला. फ्रॉममध्ये त्यांचं नाव, पत्ता लिस्टचा. फोनच्या पडद्यावर लांब नाव कापलं जातं, 'व्हाया'पासून पुढचं दिसतच नाही. तुम्ही नावावर बोट ठेवून 'ॲड टू काँटॅक्ट्स' केलंत, किंवा मेलच्या ॲपने आपणहून ती जोडी टिपून ठेवली. झालं. आता तुमच्या यादीत बाईंच्या नावापुढे लिस्टचा पत्ता बसला. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी बाईंना नोकरीबद्दल खाजगीत विचारायचं म्हणून तुम्ही कोरा मेल उघडता, नावाची दोन अक्षरं टाइप करता, सुचवलेलं पहिलं नाव निवडता, आणि पगाराचा आकडा, आधीच्या साहेबांबद्दलचं मत, सगळं पणजीपासून दुबईपर्यंतच्या सभासदांच्या इनबॉक्समध्ये. लिस्टला अर्काइव्ह असेल तर तिथेही कायमचं. जीमेलचं 'अनडू सेंड' जास्तीत जास्त 30 सेकंद चालतं, आणि मुळात ते 5 सेकंदांवर ठेवलेलं असतं.

म्हणून आजच हे करा. जीमेलच्या काँटॅक्ट्समध्ये 'अदर काँटॅक्ट्स' उघडा आणि शोधात लिस्टचा पत्ता टाका. माणसाच्या नावाने तो पत्ता आला तर ती नोंद काढून टाका. मग कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये, जनरलखाली, ऑटो-कम्प्लीटसाठी 'आय विल ॲड काँटॅक्ट्स मायसेल्फ' निवडा. त्याच पानावर अनडू सेंड 30 वर न्या. आउटलुकमध्ये नाव सुचवलं जातं तेव्हा त्याच्या उजवीकडे फुली असते, ती दाबली की सूचना जाते. आणि खाजगी मेल पाठवण्याआधी 'टू'मधल्या नावावर टिचकी मारून ॲट चिन्हापुढचं डोमेन वाचा. नाव वाचू नका, नाव काहीही असू शकतं.

'सरळ रिप्लाय ऑल कर, सगळ्यांना पोचतं' असं सांगणारे सीनियर प्रत्येक लिस्टवर भेटतात. त्यांचं ऐकू नका. रिप्लाय कुठे जाणार हे फ्रॉम नाही, मेलमधली रिप्लाय-टू ही ओळ ठरवते. मेलमॅन या लिस्ट चालवायच्या सॉफ्टवेअरवरच्या लिस्टने उत्तरं लेखकाकडे वळवली असतील तर मूळ पत्ता रिप्लाय-टूमध्ये असतो, म्हणजे फ्रॉममध्ये लिस्ट दिसत असूनही उत्तर एकट्या माणसाला जातं. उत्तरं लिस्टकडे वळवली असतील तर मूळ पत्ता सीसीमध्ये सापडतो. गूगल ग्रुप्सच्या मेलमध्ये तीन ठिपक्यांमधून 'शो ओरिजिनल' उघडून 'एक्स-ओरिजिनल-फ्रॉम' ही ओळ शोधा. एकदा बघितलं की भीती मोडते.

एकाच लिस्टवर काहींचे पत्ते बदललेले आणि काहींचे तसेच दिसले तर तो बिघाड नव्हे. बऱ्याच लिस्टा फक्त कडक पॉलिसीच्या डोमेनांचेच पत्ते बदलतात. याहूवाल्याचा बदलतो, साध्या जीमेलवाल्याचा तसाच राहतो. फिल्टर मात्र फ्रॉमवर लावू नका, लिस्ट-आयडी या मेलमधल्या लिस्टच्या ओळखीच्या ओळीवर लावा.

कधी लिस्ट सांभाळायची पाळी आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. पत्ता बदलायची सोय बंद असेल तर याहूवाला लिहितो, मेल परत येतो जीमेलवाल्याकडून, आणि बाउन्सचे गुण चढतात त्या बिचाऱ्या जीमेलवाल्याच्या नावावर. मेलमॅनमध्ये मुळात 5 गुणांची मर्यादा असते. ती ओलांडली की त्याला मेल जाणं बंद, आणि त्याला वाटतं लिस्ट थंडावली. यावर 'याहूवाल्यांनी जीमेल घ्यावं' असा फतवा काढणारे ॲडमिन मला अजिबात पटत नाहीत. गोवानेट ही गोंयकारांची मेलिंग लिस्ट 1994 पासूनची. आखातात, लिस्बनला गेलेल्या मंडळींचे जुने पत्ते हीच अशा लिस्टांची पुंजी. मेलमॅन 3 च्या सेटिंग्जमध्ये डीमार्कच्या पानावर 'रिप्लेस फ्रॉम विथ लिस्ट ॲड्रेस' निवडलं की काम भागतं. विषयातली खूण आणि फूटर दोन्ही काढून टाकायची तयारी असेल तर सही बहुधा शाबूत राहते आणि पत्ता बदलायची गरजच उरत नाही. मला हाच मार्ग जास्त आवडतो, पण फूटरवर जीव असलेले लोक ऐकत नाहीत.

फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून ओपन सोर्सकडे वळणाऱ्यांसाठी आणखी एक. गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) वापरून पॅच, म्हणजे बदलांचा मेल, अशा लिस्टवर पाठवलात तर तो कोडमध्ये लावणारी 'गिट ॲम' ही आज्ञा लेखक म्हणून लिस्टचाच पत्ता नोंदवते आणि तुमचं श्रेय हवेत जातं. मजकुराची पहिली ओळ 'फ्रॉम', कोलन, तुमचं नाव आणि पत्ता अशी द्या, खाली एक ओळ मोकळी सोडा. गिट तीच खरी मानतं. पॅच तयार करणाऱ्या 'फॉरमॅट-पॅच' आज्ञेला 'फोर्स-इन-बॉडी-फ्रॉम' हा पर्याय दिला की ही ओळ आपोआप पडते.