ट्रकच्या जीपीएसवरनं बंदर आणि कोल्हापूरचं नातं शोधताय? या चुका टाळा

कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीतलं कास्टिंग कंटेनरमधनं न्हावाशेवा बंदराला जातं, मग कुठल्या एमआयडीसीचा बंदराशी किती संबंध आहे ते ट्रकच्या जीपीएसवरनं काढता येतं, आणि काढावंच. पण ट्रक फिरला म्हणजे माल फिरला असं धरून चाललं की सगळं गणित बिघडतं.

एक्सपोर्टचं बघा. ट्रेलर आधी उरण-पनवेल भागातल्या यार्डातनं रिकामा कंटेनर उचलतो, इकडं कारखान्यात येतो, माल भरतो, सील लागतं, परत बंदराकडं. नकाशावर येणं-जाणं सारखंच दिसतं. दोन्ही फेऱ्या मालाच्या म्हणून मोजल्या की कोल्हापूर जेवढं पाठवतं तेवढंच मागवतं असा निकाल निघतो, जो साफ चुकीचा. गाडी भरलेली की रिकामी हे जीपीएस सांगत नाही, म्हणून ई-वे बिल (माल नेताना काढायचं जीएसटीचं ऑनलाइन बिल) किंवा ट्रान्सपोर्टरची एलआर (लॉरी रिसीट, मालाची पावती) जोडूनच बघा. रिकाम्या कंटेनरला ई-वे बिल लागत नाही, हाच धागा इथं लय उपयोगाला येतो.

दुसरी भानगड नवी मुंबईतल्या कळंबोलीची. थोडका माल साध्या ट्रकनं कळंबोलीत नाहीतर सीएफएसमध्ये (बंदराबाहेर कंटेनर भरायच्या-रिकामा करायच्या गोदामात) उतरतो आणि पुढं दुसरी गाडी तो बंदरात नेते. तुम्ही फक्त बंदराच्या गेटभोवती जिओफेन्स (नकाशावरची हद्द) मारला असेल तर कोल्हापूरचा ट्रक बंदरात पोचलाच नाही असं दिसणार आणि तो माल नवी मुंबईच्या नावावर जाणार. सीएफएस, रिकाम्या कंटेनरचे यार्ड, कळंबोली, सगळं आत घ्या.

थांबा दिसला की फेरी संपली असंही धरू नका. नुसती वेळेची मर्यादा लावून भागत नाही, कारण ड्रायव्हर ढाब्यावर रात्रभर झोपतो आणि कारखान्यात माल तासाभरात उतरतो. हायवेलगत जिथं दहा वेगवेगळ्या मालकांच्या गाड्या थांबतात तो बहुतेक ढाबा, नाहीतर पंप.

वेळेचंही तपासा. बऱ्याच डेटात वेळ यूटीसीमध्ये (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेत) असते, म्हणजे पहाटे ३ ला निघालेली गाडी आदल्या दिवशी रात्री ९:३० ला दिसते. आंबा घाटात रेंज गेली की डिव्हाइस नोंदी साठवून नंतर एकदम पाठवतं, तेव्हा सर्व्हरच्या वेळेनं नाही, डिव्हाइसच्या वेळेनं क्रम लावा. हा घाट सोडूनही चालणार नाही, रत्नागिरीकडच्या जयगड बंदराचा माल तिकडनंच जातो.

आणि डेटा कुणाच्या गाड्यांचा आहे ते आधी विचारा. मोठ्या ट्रान्सपोर्टरचा असतो, एक-दोन गाड्यांचे मालक त्यात नसतातच, आणि आपल्याकडं ते भरपूर आहेत. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सगळ्यांनाच सक्तीचा आहे, त्यामुळं किणी टोलवरची ट्रकची संख्या मिळाली तर तुमच्या जीपीएसमधल्या गाड्या त्याच्या किती टक्के आहेत ते काढा, ऊसाच्या हंगामात वेगळं आणि पावसाळ्यात वेगळं, मगच त्या टक्केवारीच्या हिशेबानं आकडे वाढवून सगळ्या ट्रकचा अंदाज काढा.