मॅक्रोमध्ये इफच्या आत इफ: निकालपत्रकावर श्रेणी लावताना

दहावीच्या टक्केवारीवरून एक्सेलमध्ये श्रेणी लावायची आहे: ७५ पासून विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम, ४५ पासून द्वितीय, ३५ पासून उत्तीर्ण. एक्सेलच्या मॅक्रोंची भाषा व्हीबीए; तिच्या संपादकात मॉड्यूल (कोड लिहायचे पान) घाला, ओळींवरून फिरणारा फॉर लूप लिहा. इथे देवनागरीत दिलेले इफ, एल्सइफ वगैरे शब्द कोडमध्ये इंग्रजीत (If, ElseIf) लिहायचे.

या चार श्रेणींसाठी इफमध्ये इफ कोंबू नका. एल्सइफची ('नाहीतर ही अट') एकच साखळी पुरते, पण मोठ्या आकड्याकडून लहानाकडे. पहिली खरी अट सापडली की पुढच्या पाहिल्याच जात नाहीत; ३५ ची अट सर्वांत आधी ठेवलीत तर ९२ टक्केवालाही नुसता उत्तीर्ण. एल्सइफ जोडूनच लिहा. तोडलात की नवा इफ सुरू होतो आणि तो स्वतःचा एंड इफ मागतो.

खरी गोम गैरहजर मुलांपाशी आहे. रकान्यात आकड्याऐवजी 'एबी' असते, म्हणून बरेच जण असे लिहायला सांगतात:

इफ इझन्यूमेरिक(टक्के) अँड टक्के >= ७५ देन

हे करू नका. पहिली अट खोटी ठरली तरी व्हीबीए अँडची दुसरी बाजू तपासतेच. 'एबी'ची ७५ शी तुलना होते आणि मॅक्रो त्रुटी १३, टाइप मिसमॅच, देऊन थांबतो. इतर भाषांतली सवय इथे चालत नाही. 'आकडा आहे का' आणि 'श्रेणी कोणती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला बाहेरच्या इफमध्ये, दुसरा त्याच्या आत:

इफ इझएम्प्टी(टक्के) देन
  श्रेणी = ""
एल्सइफ इझन्यूमेरिक(टक्के) देन
  इफ टक्के >= ७५ देन
    (पुढे ६०, ४५, ३५ आणि शेवटी एल्स)
  एंड इफ
एल्स
  (गैरहजर)
एंड इफ

इझएम्प्टी सर्वांत वर हवेच. रिकाम्या सेललाही इझन्यूमेरिक 'ट्रू' म्हणते, तुलनेत तो शून्य धरला जातो आणि गुण भरायचे राहिलेले मूल नापास दिसते. 'टक्के' या चलाचा प्रकार व्हेरियंट (काहीही मावणारा) ठेवा; डबल (फक्त आकड्यांचा) केलात तर 'एबी' वाचतानाच, इफपर्यंत पोहोचण्याआधी, तीच त्रुटी १३ येते.

इफ लिहिला की लगेच त्याचा एंड इफ लिहून मग आत शिरा. लूपमध्ये एखादा राहिला तर संदेश बहुधा 'नेक्स्ट विदाउट फॉर' असा येतो आणि माणूस धडधाकट फॉर तपासत बसतो.

श्रेणींची मराठी नावे कोडमध्ये टंकू नका, संपादकात बहुतेकदा प्रश्नचिन्हे उमटतात. ती शीटच्या सेलमध्ये ठेवून तिथून वाचा. मग ९२, ७५, ३४, 'एबी' आणि रिकामा सेल अशा पाच ओळींवर एफ८ने एकेक पायरी चालवून पाहा.