फेड आणि ड्रॉ शिकताय? मग या चुका टाळा

गोल्फमध्ये सेव्हन आयर्नने (आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, मारायची काठी) बॉल बऱ्यापैकी सरळ जायला लागला की पुढची हौस असते बॉल वळवायची, आणि ती असायलाच हवी, चेंबूरचा गोल्फ कोर्स असो की येरवड्याचा, झाडांना वळसा घालून बॉल बरोब्बर फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) आणता आला की खेळायची मजाच वेगळी. फक्त शिकताना काही चुका अशा होतात की बॉल वळणं सोडाच, असलेला सरळ शॉटपण हातचा जातो. खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे, लेफ्टी असाल तर डावं-उजवं उलटं करून वाचा. फेड डावीकडे निघून हलकेच उजवीकडे येतो, ड्रॉ उजवीकडे निघून डावीकडे.

सगळ्यात मोठी चूक एका जुन्या सल्ल्यातून येते. पाय आणि खांदे बॉल ज्या दिशेने निघायला हवा तिकडे लावा आणि क्लबफेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) थेट पिनकडे, म्हणजे होलमधल्या झेंड्याकडे ठेवा, असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आणि अजूनही कोणी ना कोणी सांगतंच. पण रडारवाले लाँच मॉनिटर (बॉल आणि क्लब कसे जातात ते मोजणारी यंत्रं) आल्यापासून हे स्पष्ट झालंय की बॉल कुठल्या दिशेला निघणार हे मुख्यतः फेस ठरवतो, आयर्नला साधारण ७५ टक्के आणि ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब) ८५ टक्क्यांच्या आसपास. आणि तो वळणार कुठे आणि किती, हे फेस आणि स्विंग पाथ (बॉलला लागताना क्लब ज्या दिशेने जात असतो ती) यांच्यातल्या फरकावर ठरतं. म्हणजे फेस पिनकडे ठेवून उजवीकडे स्विंग केलात तर बॉल जवळपास पिनच्याच दिशेने निघणार, मग डावीकडे वळणार आणि ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या) डाव्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जाऊन बसणार. तुम्हाला वाटतं की ड्रॉ जास्त झाला, खरं तर तो निघालाच चुकीच्या लाइनवर.

ड्रॉसाठी फेस टार्गेटच्या उजवीकडेच हवा, फक्त पाथ त्याहून जास्त उजवीकडे. आकड्यात सांगायचं तर पाथ ४ अंश उजवीकडे असेल तर फेस साधारण २ अंश उजवीकडे. फेडला हेच उलट, पाथ ४ अंश डावीकडे आणि फेस २ अंश डावीकडे. बऱ्याच जणांना ड्रॉसाठी फेस टार्गेटला उघडा, म्हणजे त्याच्या उजवीकडे, ठेवायचा ही गोष्ट पटतच नाही, म्हणून रेंजवर (प्रॅक्टिसच्या मैदानावर) स्वतः बघा. बॉलपासून आठ-दहा पावलं पुढे टार्गेट लाइनवर एक अलाइनमेंट स्टिक जमिनीत रोवा. ड्रॉ मारताना बॉल स्टिकच्या उजवीकडून गेलाच पाहिजे, वळण नंतर बघू. स्टिकवरूनच गेला आणि डावीकडे वळला, तर फेस टार्गेटकडे होता. उजवीकडून निघाला आणि सरळच गेला, तर फेस आणि पाथ एकाच दिशेला होते. उजवीकडून निघून अजून उजवीकडे पळाला, तर फेस पाथपेक्षाही उघडा होता. फक्त शेवटी कुठे पडला एवढंच बघत राहिलात तर यातलं काहीच कळत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ड्रॉ मारायचा म्हणून इम्पॅक्टला, म्हणजे क्लब बॉलला लागताना, मनगटं फिरवणं. बॉल आणि फेस एकत्र असतात तो वेळ इतका कमी की त्यात हाताने काही घडवता येत नाही, एकदा जोरदार हूक होतो (बॉल फारच डावीकडे वळतो) आणि पुढच्या वेळी भीतीने बॉल उजवीकडे पळतो. जे करायचं ते सेटअपलाच करा. फेस आधी हव्या त्या दिशेला लावा आणि मग ग्रिप धरा. नेहमीची ग्रिप धरून नंतर हात वळवून फेस उघडलात तर खाली येताना हात आपल्या मूळ जागी येतात आणि फेस होता तसाच.

ज्यांचा मुळातच स्लाइस आहे (बॉल फारच उजवीकडे वळतो) त्यांनी हे नक्की वाचा. स्लाइस उजवीकडे जातो म्हणून तुम्ही अजून डावीकडे उभे राहता, पाथ अजून डावीकडे जातो, स्लाइस अजून वाढतो. आणि नुसता फेस बंद केलात, म्हणजे डावीकडे वळवलात, तर ड्रॉ नाही, पुल होतो, बॉल सरळ डावीकडच्या झाडीत. आधी पाथ बदलायला हवा. बॉल स्टान्समध्ये (उभं राहताना पायांच्या जागेच्या हिशोबाने) एका बॉलएवढा मागे घेतला तरी मदत होते, कारण क्लब गोलात फिरतो आणि तळाला पोचायच्या आधी तो अजून बाहेर, म्हणजे उजवीकडे जात असतो. पण त्याहून मागे नको, मग पुशच होतात, बॉल सरळ उजवीकडे जातो.

ड्रायव्हरच्या बाबतीत एक गोष्ट हमखास फसवते. बॉल फेसच्या टोला (बाहेरच्या टोकाला) लागला तर आपोआप ड्रॉचा स्पिन येतो, हीलला (दांड्याकडच्या टोकाला) लागला तर फेडचा, स्विंग कसाही असो. त्यामुळे वळण बघून स्विंग बदलायच्या आधी बॉल लागला कुठे ते बघा, बॉलच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढा, फेसवर उमटतो. मधोमध लागत नसेल तर आधी तेच नीट करा. आयर्नला हा परिणाम फार कमी.

वेजने (बॉल उंच उडवणारा, जवळच्या शॉटचा क्लब) प्रॅक्टिस करू नका, लॉफ्ट (फेसचा तिरकेपणा) जास्त असल्यामुळे बॉल फारसा वळत नाही. लेफ्टी गोल्फर बबा वॉटसनने २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये झाडीतून गॅप वेजने मारलेला तो अफाट हूक सगळ्यांना आठवतो, पण तो अपवाद आहे. सिक्स किंवा सेव्हन आयर्न घ्या. क्लब निवडतानापण लक्षात ठेवा, ड्रॉ खाली राहतो आणि पडल्यावर पळतो, फेड वर जातो आणि कमी जातो, म्हणून फेडला बहुधा एक क्लब मोठा (एक नंबर जास्त लांब मारणारा) लागतो.

दोन्ही एकदम शिकायची घाईही नको. गोल्फर जॅक निकलसने १८ मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या त्या मुख्यतः फेडवर. जो शेप (वळण) तुम्हाला सोपा जातो तो आधी पक्का करा, म्हणजे कोर्सवर एका बाजूची चिंता तरी डोक्यातून जाते.

आणि पावसाळ्यात ओल्या रफमधून (फेअरवेबाहेरच्या उंच गवतातून) बॉल वळवायच्या भानगडीत पडू नका. फेस आणि बॉलच्या मध्ये पाणी आणि गवत येतं, स्पिन कमी होतो, आणि डावीकडे धरलेला फेड तसाच डावीकडे निघून जातो. बॉल अशा जागी पडला असेल तर तिथून सरळ फेअरवेत आणा, वळवायचं पुढच्या शॉटला.