धोकादायक हवामानाचा आठवडाभराचा अंदाज कसा वाचावा : नाशिकच्या वाचकांसाठी

मध्यम पल्ल्याचा अंदाज म्हणजे साधारणपणे पुढील तीन ते दहा दिवसांचा अंदाज. नाशिकमध्ये पाऊस, गारपीट किंवा वादळ आणणाऱ्या प्रणाली बहुधा शेकडो किलोमीटर दूर तयार होत असल्यामुळे, असा अंदाज आपल्या गावापासून नव्हे, तर देशाच्या नकाशापासून वाचायला सुरुवात करावी.

पहिली पायरी म्हणून भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन देशाचे हवामान पत्रक उघडावे आणि त्यात दोन गोष्टी शोधाव्यात. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र तयार होत आहे का आणि ते ओडिशा, छत्तीसगडमार्गे पश्चिमेकडे सरकण्याची शक्यता आहे का, हे पाहावे. कारण अशा वेळी अरबी समुद्रावरील वारे जोर धरतात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस वाढतो. नोव्हेंबर ते मार्च या काळात मात्र लक्ष उत्तरेकडे ठेवावे. तेथील पश्चिमी विक्षोभाला, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतात येणाऱ्या पावसाळी प्रणालीला, अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाची जोड मिळाली, तर नेमके द्राक्षबागांच्या नाजूक काळात अवकाळी पाऊस आणि गारपिटीचे संकट उभे राहते.

यानंतर पत्रकाची भाषा समजून घ्यावी. विभागाने देशाचे ३६ हवामान उपविभाग केले असून नाशिक मध्य महाराष्ट्र या उपविभागात येते. हा उपविभाग नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला असल्याने तेवढ्यावर न थांबता जिल्हानिहाय इशारा पाहावा, आणि त्यातही ‘नाशिक’ व ‘नाशिक घाट’ अशा दोन नोंदी असतील तर त्या वेगवेगळ्या वाचाव्यात. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा पाऊस आणि सिन्नर-येवल्याचा पाऊस यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सर्वांत जास्त गैरसमज ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा होतो. त्यांचा अर्थ ‘थोडा पाऊस’ असा नाही. त्या क्षेत्रातील जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस, एवढाच तो अर्थ आहे. पाऊस किती पडेल हे पुढचा शब्द सांगतो. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, २०४.४ मिलिमीटरपर्यंत अति मुसळधार, आणि त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असे लिहिलेले असेल आणि ते ठिकाण आपलेच निघाले, तर नाल्याकाठची वस्ती पाण्याखाली जाऊ शकते.

इशाऱ्यांच्या रंगांबाबतही असेच आहे. पिवळा म्हणजे सतर्क राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हे रंग नुसत्या पावसाच्या मापावर नव्हे, तर संभाव्य परिणाम लक्षात घेऊन दिले जातात.

एकाच दिवशी दिलेल्या अंदाजावर निर्णय घेऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. अंदाज काढणारी संगणकीय प्रारूपे सुरुवातीच्या हवामान-नोंदींत किंचित बदल करून अनेकदा चालवली जातात. उत्तरे एकमेकांशी जुळली तर विश्वास वाढतो, विखुरली तर कमी होतो. घरच्या घरी हे पारखण्यासाठी एक वही ठेवावी आणि येत्या शनिवारविषयी सोमवारी, मंगळवारी, बुधवारी काय सांगितले गेले ते ओळीने लिहावे. इशारा रोज टिकून राहिला किंवा वाढत गेला, तर तो गांभीर्याने घ्यावा.

निर्णयही मुदतीनुसार घ्यावेत. सहा-सात दिवस आधी फक्त नियोजन लवचिक ठेवावे, म्हणजे द्राक्षतोडीचे मजूर आणि गाडी यांची तारीख पक्की करू नये. तीन-चार दिवस उरले की काढून ठेवलेला कांदा चाळीत हलवावा, चाळीचे छप्पर तपासावे, फुलोऱ्यातील द्राक्षबागेत डाऊनी (केवडा) रोगाच्या फवारणीबाबत कृषी सल्ला घ्यावा. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. गोदाकाठच्या दुकानदारांनी शहरातील आभाळापेक्षा त्र्यंबकेश्वर परिसरातील अंदाज आणि गंगापूर धरणातील विसर्ग यांवर नजर ठेवावी, कारण गोदापात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी पाणी येईपर्यंत थांबल्यास माल हलवण्यास वेळ उरत नाही.

गारा नेमक्या कोणत्या शिवारात पडतील, हे मात्र आठवडाभर आधी सांगता येत नाही. त्या दिवशी पुढील तीन तासांचे इशारे पाहत राहावे, आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर आधीच घेऊन ठेवावे.

पाऊस होऊन गेल्यावर, आपल्या शिवारातील पर्जन्यमापकाचा आकडा त्याच वहीत अंदाजाशेजारी लिहावा.