जीनोमच्या फाइली सांभाळताना या चुका टाळा

पावसाळ्यात रत्नागिरीतल्या विजेचा आणि नेटचा भरवसा किती, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी दर जूनमध्ये कोणीतरी ब्राउझरमधूनच जीनोम (एखाद्या जीवाचा सगळा डीएनए) डाउनलोडला लावतं, मध्येच लाइन तुटते आणि अर्धवट फाइलवर इंडेक्स (शोधसूची) बांधणं सुरू होतं. डब्ल्यूगेट (तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणारा प्रोग्राम) वापरा, एमडी-फाइव्ह (फाइल पूर्ण आली का हे सांगणारा ठसा) जुळवा. दोन मिनिटं लागतात.

मला सगळ्यात जास्त छळलंय ते नावांच्या घोळाने. हापूसमधल्या साक्यावर (गर आतून स्पंजासारखा होण्याचा दोष) काम करणारी एक मुलगी ऑगस्टमध्ये रडवेली होऊन आली. चांगल्या आणि साका झालेल्या फळांचा आरएनए डेटा होता. रीड्स (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) जीनोमवर छान बसत होते, जनुकांची मोजणी मात्र सरसकट शून्य. आठ दिवस ती मॅपिंगचे (रीड्स जीनोमवर बसवण्याचे) पर्याय फिरवत होती. म्हणाली, "सर, सॅम्पलच खराब असणार. आंबे पुन्हा आणावे लागतील." ऑगस्टात! देवगडला तेव्हा कलमांवर पानांशिवाय काही नसतं. म्हणजे थेट पुढचा मे.

मी दोन्ही फाइलींच्या पहिल्या चार ओळी बघितल्या. फास्टा (डीएनएची अक्षरं असलेली फाइल) जेनबँक या संग्रहातला, तिथे गुणसूत्रांची नावं 'सीएम'ने सुरू होतात. जीएफएफ (कोणतं जनुक कुठे आहे त्याची यादी) रेफसेक या दुसऱ्या संग्रहातला, तिथे 'एनसी'ने. जीनोम एकच, २०२० साली प्रसिद्ध झालेला हापूसचाच. पण घरातला बाळू आणि रेशनकार्डावरचा बाळकृष्ण एकच, हे मोजणाऱ्या प्रोग्रामला कोण सांगणार? माणसाच्या डेटात हाच घोळ 'सीएचआर१' आणि नुसत्या '१'चा होतो. शून्य आलं तर नशीब समजा, चूक दिसते तरी. नावं जुळली, पण फास्टा मानवी जीनोमच्या जीआरसीएच३७ या जुन्या आवृत्तीचा आणि जनुकांची यादी २०१३च्या जीआरसीएच३८ची असेल, तर आकडे बिनबोभाट येतात आणि चुकीचे असतात.

म्हणून माझी सवय अशी: फास्टा आणि जीएफएफ एकाच ठिकाणाहून, एकाच बैठकीत घ्यायचे. शेजारी साध्या मजकुराची एक फाइल ठेवायची: कुठून, कोणती आवृत्ती, कधी. मग फोल्डर फक्त वाचण्यापुरता खुला ठेवायचा, सगळ्यांनी तोच वापरायचा. 'जीनोम_नवा_फायनल२' नावाचं काही दिसलं की मी विचारत नाही, पुसतो. त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

जागेचं म्हणाल तर सॅम फाइली (रीड्स कुठे बसले त्याची साध्या मजकुरातली नोंद) साठवू नका, थेट बॅम (तिचंच दाबलेलं रूप) करा. सॉर्ट करताना सॅमटूल्स हा प्रोग्राम तात्पुरते तुकडे डिस्कवर टाकतो, त्यामुळे मूळ बॅमच्या दुप्पट जागा मोकळी असल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही. संपल्यावर त्याचीच क्विकचेक आज्ञा, शेपूट तुटलेली बॅम तिथेच सापडते.

फास्टा साध्या जीझिपने दाबलात तर त्याचा इंडेक्स होत नाही, बीजीझिप (तुकड्यातुकड्याने दाबणारा प्रकार) लागतं. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर जाणारच नाही, उगाच यूएसबी पोर्ट बदलत बसू नका.

क्रॅमने (बॅमचं आणखी आटोपशीर रूप) जागा भरपूर वाचते, कारण त्यात संदर्भ जीनोमपेक्षा वेगळं तेवढंच लिहिलेलं असतं. एका हुशार गड्याने सगळ्या बॅमचे क्रॅम केले, बॅम पुसले आणि आणखी जागा हवी म्हणून फास्टाही पुसला. तो जीनोम त्याने स्वतःच जुळवलेला होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.