अंगठ्याच्या पेराएवढं हृदय

विसाव्या आठवड्यात गेलेल्या गर्भाचं हृदय माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं असतं. त्यातला दोष शोधायला ते कात्रीने उघडताना एकदाच संधी मिळते. कात्री जरा वाकडी गेली, की कप्प्यांमधल्या पडद्यातलं भोक मुळातलं की आपण पाडलेलं, ते कोणी सांगू शकत नाही. म्हणून लंडनमधल्या आमच्या विभागात आधी मायक्रो-सीटी, म्हणजे लहान नमुन्याचा अतिशय बारकाईने केलेला एक्स-रे स्कॅन, आणि मग, लागलीच तर, कात्री. नव्याने येणाऱ्यांना मी जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा संमतीपत्र वाचा. इथल्या कायद्यात २४ आठवड्यांच्या आत गेलेला गर्भ आईच्याच शरीराचा भाग धरतात, पण आईला न विचारता काही करत नाहीत. काय ठेवायचं आणि काय परत द्यायचं, ते त्या कागदावर असतं.

हृदय एकटं काढू नका. माझ्या पहिल्या वर्षी, फुप्फुसांच्या शिरा डाव्या एट्रियमला (हृदयाच्या वरच्या कप्प्याला) जोडलेल्या नाहीत अशी सोनोग्राफीत शंका होती. मी हृदय व्यवस्थित सोडवलं, धुतलं, सुरेख स्कॅन केला. सरांनी संगणकाच्या पडद्यावर पाहून विचारलं, "शिरा कुठे गेल्या गं?" त्या माझ्याच ब्लेडखाली गेल्या होत्या. तेव्हापासून हृदय आणि फुप्फुसं एकत्रच काढते. याची किंमत द्यावी लागते. डिटेक्टरवर आडवे साधारण २,००० पिक्सेल आहेत. दोन सेंटिमीटरचं हृदय एकटं ठेवलं तर एकेक पिक्सेल १० मायक्रॉनचा पडतो, चार सेंटिमीटरचा गोळा ठेवला तर २०. मला २० चालतात. कापलेली शीर कितीही बारकाईने दिसली तरी उपयोग नाही.

ऊतक टिकवणाऱ्या फॉर्मलिननंतर आयोडीन. मऊ ऊतक एक्स-रेला जवळजवळ सारखंच दिसतं. आयोडीन स्नायूत मुरलं की भिंती उजळतात. द्रावण कोऱ्या चहासारखं दिसतं आणि एप्रनवरचा डाग सहजी निघत नाही. लहान हृदयाला एखाद-दोन दिवस, फुप्फुसांसकट असेल तर जास्त. आयोडीन बाहेरून आत जातं, त्यामुळे घाई केली तर मधला भाग फिकट राहतो आणि पातळ पडद्यात नसलेलं भोक दिसतं. शंका आली तर परत भिजवा, परत स्कॅन करा.

स्कॅनआधी पाण्यातून काढा, वरचं पाणी टिपा, पॅराफिल्ममध्ये (मेणासारख्या ताणल्या जाणाऱ्या पातळ पट्टीत) गुंडाळून फोममध्ये घट्ट बसवा. वाळू देऊ नका. यंत्र नमुना पूर्ण फिरवतं. मध्येच तो केसभर कलला तर प्रत्येक कडा दुहेरी येते. एकदा फोम सैल होता, अख्खी सकाळ गेली.

प्रतिमा वाचताना थेट दोष शोधायला धावू नका. उजवं एट्रियम कुठलं ते त्याच्या रुंद त्रिकोणी कानावरून, म्हणजे बाहेर आलेल्या पिशवीसारख्या भागावरून, ठरवा. डाव्याचा कान बोटासारखा निमुळता असतो. मग व्हेंट्रिकल, म्हणजे खालचे कप्पे: उजव्याच्या आत जाड, खडबडीत दोऱ्या आणि एक आडवा स्नायूपट्टा, डाव्याचा पडदा त्यामानाने गुळगुळीत. मग कोणत्यातून कोणती महावाहिनी निघते ते. गळ्याकडे फांद्या देते ती एओर्टा, दोन फुप्फुसांकडे दुभागते ती फुप्फुस-धमनी. फोरामेन ओव्हेल (दोन एट्रियममधली वाट) आणि डक्टस आर्टेरिओसस (एओर्टा आणि फुप्फुस-धमनी जोडणारी वाहिनी) गर्भात उघडे असणारच, त्यांना दोष म्हणू नका. कप्प्यातली गुठळी आणि हवेचे बुडबुडेही मृत्यूनंतरचे असतात.

काम झालं की सोडियम थायोसल्फेटमध्ये ठेवा, तपकिरी रंग उतरतो. आई-वडिलांना बाळ परत द्यायचं असेल तर हा टप्पा वगळू नका. मी द्रावण दोनदा बदलते. नियमात एकदाच लिहिलंय.